पाहणीच्या दिवशी झाकलेले माग

पवनीत आमच्या गल्लीत वेळ कळायची ती मागांच्या आवाजावरून. उजाडता उजाडता कोपऱ्यावरचा पहिला माग वाजायला लागे, मग समोरचा, मग आमचा, आणि शाळेची घंटा होईपर्यंत अख्खी गल्ली एका सुरात खटखटत असे. जेवणाच्या वेळी आवाज एकेक करून गळत जाई. कोणाचा माग लवकर थांबला तर शेजारीण भिंतीवरून विचारी, "काय वो, बिमार पडले का तुमचे?" दारादारांत तांदळाच्या खळीचा आंबूस वास असे. बाया ओसरीवर चरख्यावर सूत भरत बसत, आणि हात चालू ठेवून सगळ्या गावाची उणीदुणी काढत.

मी लहानपणीच पोरका झालो. वाढवलं ते बापाच्या मोठ्या भावाने, म्हणजे मोठेबाबांनी, आणि मोठ्या आईने. त्यांना एकच मुलगी, ती दिघोरीला दिलेली. घरात एक खड्ड्याचा माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मोठेबाबा बसायचे आणि धोटा या हातातून त्या हातात पळायचा. मी खड्ड्याच्या काठाशी पाटी घेऊन बसायचो. परीक्षेचा अभ्यास मी त्या आवाजातच केला. पुढे वसतिगृहात राहिलो तेव्हा शांततेत एक अक्षर डोक्यात शिरेना.

विणायच्या त्या बहुतेक सरकारी चादरी. विणकर सोसायटी सूत द्यायची आणि विणलेल्या चादरी घेऊन जायची. पांढऱ्या चादरी, कडेला निळा पट्टा. दवाखान्यांना आणि आश्रमशाळांना त्या लागत. मोठेबाबा म्हणायचे, "माह्या चादरीवर झोपला का बिमार अर्धा बरा होते. बाकीचा अर्धा डाक्टर पाह्यन." कोणाच्या सासुरवाडीचं माणूस दवाखान्यात भरती झालं की गल्लीतला एक तरी जण भेटायला जाऊन चादरीचा काठ बोटांनी चाचपून येई. बिमाराची तब्येत कशी आहे ते मागाहून सांगे. "चादर फलाण्याच्या मागावरची होती, काठ ढिला आहे," हे आधी.

चादरींचं काम आलं आहे की नाही, हे आमच्या गल्लीत न जाताही कळायचं. काम असलं की आठवडी बाजारात मासोळीवाली लवकर उठून जाई, धोटे बनवणारा सुतार उधारी मागायला येत नसे, आणि कोपऱ्यावरचा चहावाला भजी तळायला काढी. काम नसलं की तोच चहावाला दुपारी बाकावर झोपलेला दिसे. अर्थशास्त्राचं पुस्तक मी पुढे बी.कॉम.ला उघडलं. त्यात होतं ते मला नवं वाटलं नाही, फक्त त्यात भज्यांचा वास नव्हता.

बजटाच्या दिवशी त्याच चहावाल्याच्या रेडिओभोवती माणसं जमत. दिल्लीचं बजट झालं की मुंबईच्या बजटाची वाट बघायची. "दिल्लीवाला बोल्ला, आता मुंबईवाला काय म्हणते पाहू." सुताचं नाव निघेल म्हणून सारे कान टवकारून बसत. बोलणारा विड्या-सिगारेटी, मोटारी, कायकाय सांगत राही. एखादा म्हातारा वैतागून म्हणे, "अरे बावा, सूत म्हण ना एकडाव!" आणि सूत निघायच्या आत बातम्या संपत. तरी पुढल्या साली पुन्हा सगळे तिथेच.

माग चालवण्यात आमच्या गल्लीची एक रीत होती, ती इथेच सांगून टाकतो. पाव्हणा उंबऱ्यात आला की माग थांबवायचा. पाय खड्ड्यातून वर काढायचे, हात पुसायचे, पाव्हण्याला बसायला द्यायचं, गूळपाणी द्यायचं. पाव्हण्यासमोर माग चालवत राहणं म्हणजे त्याला चालता हो म्हणण्यासारखं. फार मानाचा पाव्हणा असला तर मागावर धुतलेली चादर टाकत, म्हणजे सुताचं भुसकट त्याच्या कपड्यांवर उडू नये. घरच्या माणसासाठी मात्र कोणी थांबत नसे. मी भंडाऱ्याहून कॉलेज करून घरी यायचो तेव्हा मोठेबाबा मान वर न करता विचारायचे, "जेवला का गा?" आणि धोटा चालूच.

जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कचेऱ्यांतली माणसंही वाटली गेली. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, हे बहुतेकांनी बायकोचं माहेर बघून ठरवलं असं लोक गमतीने म्हणत. काही टेबलं रिकामी पडली. अशाच एका टेबलाशी मी पुढे रोजंदारीवर लागलो. कोणती कचेरी ते सांगत नाही. हातमागाच्या योजनांचे कागद तिथून जात, एवढं पुरे.

कचेरीत जायच्या दिवशी मोठी आई माझ्या केसांतलं सुताचं भुसकट वेचायची. "साहेब लोकाइत चाल्ला, नीट जा." पहिले काही दिवस मी हसून मान पुढे केली. मग मी लवकर आवरून निघायला लागलो आणि भंडाऱ्याच्या बसस्टँडवर पानठेल्याच्या आरशात पाहून केस स्वतःच झटकू लागलो. पहिल्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठले?" मी म्हणालो, "कोंढ्याकडचा. शेती आहे." शेती नव्हतीच आमची. कोंढ्याला माझं कोणी नव्हतं. ते नाव तोंडात कसं आलं ते आजही मला सांगता येत नाही, पण का आलं ते आता सांगतो आहे.

साहेब पश्चिम महाराष्ट्राकडचे होते. वाईट माणूस नव्हे. डबा घरून आणायचे, पाहणीला गेल्यावर कोणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांच्या हाताखाली मी बजेट म्हणजे काय ते शिकलो. थंडीत मागणी वर पाठवायची, मार्च जवळ आला की सुधारित मागणी, आणि मग आकडा कापल्याचं एक पत्र यायचं. आवाराच्या पलीकडच्या इमारतीत गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांचं काम चाले. तिथे नव्या जिपा, नव्या खुर्च्या, नवे इंजिनियर. आमच्याकडे टंकलेखन यंत्राची फीत दोन्ही बाजूंनी वापरायची. साहेब एकदा म्हणाले, "पैसा तोच असतो हो. तिकडे पाणी अडवायचं ठरलं की इकडची बादली छोटी होते." मला ते पटलं होतं. धरणाने धान दोनदा पिकेल, हेही पटलं होतं.

मी भंडाऱ्यात खोली घेऊन राहायला लागलो, त्या साली वरून आदेश आला की हातमागांची प्रत्यक्ष पाहणी करा. चालू असतील तेवढ्याच मागांसाठी पुढल्या बजेटात चादरींची तरतूद मागायची. छापील नमुना होता. त्यात एक रकाना होता, 'पाहणीच्या वेळी माग: चालू / बंद'. जिथे आपले नातेवाईक आहेत तिथे पाहणीला जायचं नाही, असंही साहेबांनी बजावलं. पाहणी नीट पार पाडणाऱ्या रोजंदारीवाल्याला कायम करण्याची शिफारस ते करणार होते. पवनीचं नाव निघालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या बाजूचंच आहे ना? कोणी ओळखीचं?"

"नाही साहेब."

सोसायटीने गल्लीत आधी कळवलं होतं. सरकारचा माणूस माग पाहायला येणार, म्हणजे काम वाढणार, असा गल्लीने अर्थ लावला.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी जीप थांबवली आणि उतरलो. गल्ली चिडीचूप होती. भर दिवसा, कामाच्या वेळी मी ती तशी कधीच ऐकली नव्हती. सडे घातलेले, रांगोळ्या काढलेल्या, पुरुष धुतलेल्या कपड्यांत दारात उभे, बाया डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या मागे. आणि उघड्या दारांतून आत पाहिलं तर प्रत्येक माग पांढऱ्या चादरीने झाकलेला.

साहेब म्हणाले, "इथे काहीच चालू दिसत नाही."

गल्लीला त्या दिवशी याहून मोठा पाव्हणा कोणी नव्हता. हे मला दिसत होतं. साहेबांना दिसत नव्हतं, आणि त्यांना दिसण्याचं कारणही नव्हतं.

पहिल्या घरी त्यांनी विचारलं, "माग चालू आहे का?"

"चालते ना साहेब. कालच ठाण उतरवलं."

"आत्ता चालू आहे का?"

तो विणकर गोंधळून हसला. "आता तुमी आले ना साहेब!"

त्याच्या दृष्टीने यापुढे सांगायला काही उरलंच नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय म्हणतोय हा?"

मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. साहेब, ह्या लोकांत पाव्हण्यासमोर माग थांबवतात. एवढंच. मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? कोंढ्याच्या शेतकऱ्याच्या पोराला विणकरांच्या घरातली रीत कशी ठाऊक?

मी म्हणालो, "म्हणजे बंद आहे, साहेब."

आणि लिहिलं. बंद. पुढच्या घरी बंद, त्याच्या पुढच्या घरी बंद. गल्लीतली माणसं मला ओळखत होती. पण मी कोणाकडे पाहत नाही हे पाहून तीही गप्प राहिली. त्यांना वाटलं असेल, कचेरीची काही शिस्त असेल, पोराची नोकरी अडचणीत नको यायला. एकच चावट म्हातारा पुटपुटला, "लय मोठा झाला गा हा." मी ऐकलं नाही असं केलं.

मग आमचं घर आलं. मोठेबाबा ओसरीवर उभे होते, लग्नाकार्यातलं धोतर नेसून. मी नमुन्यावरून वाचल्यासारखं म्हणालो, "हे एक विणकर. कुटुंबात दोन माणसं."

दोन. मला मी मोजलं नाही.

मोठी आई पितळी तबकात पाणी आणि गूळ घेऊन बाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "अरे, तू..."

मोठेबाबांनी तिला तिथेच अडवलं. "साहेबाइले पाणी दे. दोघाइले." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बसा साहेब. तुमी बी बसा."

मी बसलो. ज्या काठाशी पाटी घेऊन बसायचो, त्याच्यापासून दोन हातांवर खुर्ची मांडली होती, खास शेजारून आणलेली. साहेबांनी पाण्याला नको म्हटलं, म्हणून मीही नको म्हटलं.

मोठेबाबा हुशार माणूस. रकाना त्यांना वाचता येत नव्हता, पण माझा हात प्रत्येक घरी तीच दोन अक्षरं लिहितो आहे हे त्यांनी हेरलं. साहेब उठले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एक इनंती आहे. उद्या या. पण सांगून नोका येऊ. मंग पाहा गल्ली."

साहेब थांबले. खरंच थांबले. मला विचारलं, "उद्या पुन्हा येता येईल का? कार्यक्रमात बसतं?"

बसत होतं. दुसरा दिवस अर्धा मोकळा होता. मी म्हणालो, "नाही साहेब. उद्या दुसऱ्या तालुक्यात आहे."

पुढल्या बजेटात आमच्या गल्लीच्या चादरींची तरतूद आली नाही. कोणी माग बंद करा म्हणून सांगायला आलं नाही. सूत आलं नाही, एवढंच. आधी आठवडाभर उशीर, मग महिनाभर, मग लोकांनी विचारणं सोडलं. चरख्यावर बसणाऱ्या बाया धानकापणीला जाऊ लागल्या. सुताराने धोटे सोडून खाटांचे पाय करायला घेतले. चहावाल्याने रेडिओ विकला. गल्लीतली तरणी पोरं एकामागून एक सुरतेला गेली. दवाखान्यात बाहेरच्या गिरणीच्या पातळ चादरी आल्या. मोठेबाबा एकदा तिथे ताप घेऊन पडले होते तेव्हा ती चादर उन्हात धरून म्हणाले, "हिच्यातून तर धरण दिसते."

त्याच वर्षी मी कायम झालो. पेढे घेऊन घरी गेलो. मोठेबाबांनी पेढा खाल्ला, डोक्यावर हात ठेवला, पाहणीबद्दल एक शब्द काढला नाही. पुढे किती तरी वर्षं ते त्याबद्दल बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. न बोलण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही.

मग ते कालव्यावर टोपली टाकायला जाऊ लागले. पन्नाशी उलटलेली, जन्मभर खड्ड्यात बसून काम केलेला माणूस, उन्हात उभा. मी घरी गेलो तेव्हा मला म्हणाले, "सरकारनं एका हातातून धोटा घेतला अन् दुसऱ्या हातात टोपलं देल्लं. हात रिकामा नाही ठेवला, हे त खरं." ते रागाने म्हणाले नव्हते. कालव्याच्या कामाने खरंच माणसं जगली. वाटेवर टपऱ्या झाल्या, गल्लीतला एक पोरगा डंपर चालवायला शिकला, जेवणाचे डबे करून देणाऱ्या बाईने घरावर स्लॅब टाकला. आणि ज्या वर्षी निधी अडे त्या वर्षी अर्धवट खोदलेल्या चरात पोरं क्रिकेट खेळत आणि टपऱ्यांवर पत्रा ओढलेला असे. ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांचं दुःख वेगळंच. ते माझं नाही, म्हणून मी त्याबद्दल बोलत नाही. पण मी कचेरीत बसून पाहिलं की वर एक आकडा इकडचा तिकडे होतो आणि खाली कोणाच्या तरी हातातलं हत्यार बदलतं. नवं हत्यार कधी बरं असतं. शिकायला वय मात्र कोणी विचारत नाही.

साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभानंतर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "ती पाहणी आपण नीट केली होती ना साहेब?" ते हसले. "अहो, चादरींचा आकडा आधीच कापलेला होता. पाहणी मागून लावलेली. तुम्ही सगळे चालू लिहिले असते तरी काय झालं असतं कोण जाणे."

ते वाक्य मी बरीच वर्षं उशाखाली ठेवून झोपलो. आकडा आधीच कापलेला होता. माझ्या दोन अक्षरांनी काही झालं नाही. तरी गल्लीत जाणं मी कमी करत गेलो. दिवाळीला जायचो, तेही कोपऱ्याकडून न जाता मागच्या बोळाने. मोठी आई गेली तेव्हा तेरा दिवस राहिलो, आणि चौदाव्या दिवशी सुटल्यासारखा परतलो.

मागच्या वर्षी मोठेबाबांनी फोन करून बोलावलं. म्हाताऱ्या विणकरांना दर महिन्याला मानधन द्यायची तरतूद सरकारने केली होती. गल्लीतल्यांनी अर्ज भरले होते. सगळे परत आले होते.

मी गेलो. मोठेबाबा अंगणात खाटेवर बसले होते. मागाचा खड्डा केव्हाच बुजवला होता आणि त्या जागेवर दिघोरीच्या बहिणीने दिलेलं कपाट उभं होतं. त्यांनी परत आलेला कागद माझ्या हातात दिला.

"पाह्य गा. तूच त तिकडं आहेस. काय अडलं ते समजून नाही राहिलं."

कागदावर कारण छापलं होतं. त्या सालच्या पाहणीत अर्जदाराचा माग बंद आढळला, सबब तो विणकर मानता येत नाही.

मी कागद घडी करून खिशात ठेवू शकलो असतो. कचेरीत सगळे माझे ओळखीचे. एखादा दाखला, एखादं प्रतिज्ञापत्र, मोठेबाबांचं काम होऊन गेलं असतं आणि ते म्हणाले असते, पोरानं केलं. मी तसं म्हणायला तोंडही उघडलं. "करून देतो तुमचं..."

"काय लिहिलं आहे त्यात?"

मी वाचून दाखवलं. मग म्हणालो, "हे बंद मी लिहिलं होतं, मोठेबाबा."

"माहीत आहे. मी काय आंधळा होतो का?"

"पण साहेब नंतर म्हणाले, आकडा आधीच कापला होता. चालू लिहिलं असतं तरी..."

"कापला असन." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "सरकारचं सरकारले ठाऊक. मले थे नाही पाह्यजे. त्या दिवशी मले माहीत नोहतं आकडा कापला म्हणून. तुले माहीत होतं?"

"नाही."

"मंग तू काहून लिहिलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला. मी जमिनीकडे पाहत सांगितलं. साहेबांना खोटं सांगितलं होतं, कोंढ्याचा आहे म्हणून. रीत समजावून सांगितली असती तर मी कुठला ते उघड पडलं असतं. मला तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी येता येत होतं, तेही मी नाही म्हटलं. नोकरीचं भ्याव होतं, पण आधी लाज होती.

अंगणात कोंबडी येऊन मोठेबाबांच्या काठीशी टोचू लागली, तिला त्यांनी हाकललं.

"भ्याव होतं म्हणतास त समजलो असतो," ते म्हणाले. "पोटाले भेतेच माणूस."

मग ते काठी टेकत उठले.

"माह्या एकट्याचं नोको करू. मले जुगाड नोको. करशीन त लिहून दे का तू खोटं लिहिलं, आख्ख्या गल्लीचं. अन् आधी त्याइले सांग."

"कोणाले?"

"ज्याइचे माग तू बंद केले त्याइले. मी येतो संगं. एकटा गेला त दारातूनच पळशीन."

त्या यादीतले आता हयात किती, ते आम्ही चालता चालता मोजलं. मोठेबाबा धरून चार निघाले.

पहिल्या घरी चरख्यावर बसणारी म्हातारी होती. नवरा गेल्यावर त्याचा माग तीच चालवत होती, म्हणून यादीत तिचं नाव होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि गल्लीच्या वतीने लिहिलेला फेरअर्ज पुढे धरला. ती तांदळातले खडे निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी तोंड लपवून राहिला होतास का गा? आमी म्हणलो, बायको येऊ देत नाही म्हणून." मग सूप बाजूला सारून विचारलं, "अंगठा चालते का सही लागते? मले सही येते आता." तिने सही केली. एकेक अक्षर कोरल्यासारखं. मी तोवर पाणी मागून प्यायलो.

दुसऱ्या घरचा म्हातारा ऐकू येत नसलेला. त्याच्या सुनेने कानात ओरडून सांगितलं. त्याला काय कळलं कोण जाणे, तो मला आशीर्वाद देऊ लागला. ते मला सगळ्यांत जड गेलं.

तिसऱ्या घरचा माणूस मोठेबाबांच्या बरोबरीचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, कागदाला हात लावला नाही.

"मले मानधन नोको," तो म्हणाला. "माहा पोरगा त्या साली सुरतेले गेला. माय मेली तवा एकडाव आल्ता. थे लिहून देशीन का कागदावर?"

तो पोरगा माझ्या वर्गात होता. मी मोठेबाबांकडे पाहिलं. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. तेही त्या माणसासारखे माझ्याच उत्तराची वाट पाहत होते. तो आत निघून गेला.

मी लेखी जबाब दिला आहे. पाहणीच्या दिवशी गल्लीतले माग चालू स्थितीत होते, ते पाहुण्यांच्या मानासाठी थांबवले होते, हे मला ठाऊक असूनही मी बंद अशी नोंद केली, असं माझ्या सहीने. आमच्या हल्लीच्या साहेबांनी तो वाचून परत माझ्यापुढे सरकवला होता. "विचार करा. पुढे निवृत्तिवेतन अडेल तुमचं." मी म्हणालो, विचार झाला आहे. माझ्याकडून खुलासा मागवला आहे. अर्जांची फाइल वर गेली आहे, आणि या बजेटात ती तरतूद राहील की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

मोठेबाबांकडे मी आता दर महिन्याला जातो, कोपऱ्याकडून. परतताना तिसऱ्या घरासमोर थांबतो. तो माणूस बस म्हणत नाही. मीही बसत नाही. गेल्या खेपेला त्याने दारातूनच विचारलं, "आलं का काई वरून?"

"नाही अजून."

"मंग कायले आला?"

"तुमच्या पोराचा पत्ता पाह्यजे होता," मी म्हणालो. "त्याले मी स्वतः जाऊन सांगतो म्हणतो."

तो आत जाऊन चष्मा शोधू लागला.